मडगार्ड मागितलंय, किडनी नाही

ऑफिसला जायला सायकल हवीय. बास, एवढंच. बावधनहून डेक्कनला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. दगडधोंड्यांतून उड्या मारायच्या नाहीत, की रविवारी पहाटे घट्ट चड्डी घालून सिंहगडाच्या पायथ्याशी सेल्फी काढायचे नाहीत. पण कुठल्याही दुकानात शिरा, समोर येते ती एमटीबीच, म्हणजे डोंगरातल्या वाटांसाठीची माउंटन बाइक! जाडजूड बटणांचे टायर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क, २१ गिअर आणि दांडीवर विजा चमकावणारे स्टिकर. "सर, सध्या हीच चालते." अरे, दुसरं काही ठेवतच नाही तर हीच चालणार ना!

ते बटणांचे टायर डांबरावर घूंऽऽ करत घासत राहतात, दम सगळा तिथेच जातो. शॉकअपचं तर विचारूच नका. संध्याकाळी पौड रोडने चांदणी चौकाच्या चढाला उभं राहून पायडल मारावं, तर पुढचं चाक धरणारा शॉकअपवाला फोर्क नुसता डुलत बसतो. पायातला जोर स्प्रिंगमध्ये जिरतो, सायकल तिथल्या तिथे. खड्ड्यांचं काय, म्हणे! जरा रुंद, गुळगुळीत टायर द्या, हवा बेताची ठेवू, पुरतं तेवढं. आणि २१ गिअर म्हणजे पुढे ३, मागे ७, त्यातले कितीतरी एकमेकांची नक्कल. मला मागचे ७ पुरून उरतात.

बरं, जे खरोखर लागतं ते? मडगार्ड नाही. कॅरियर नाही. चेनकव्हर नाही. जून ते सप्टेंबर पुण्यात काय कोरडं ऊन असतं का? भिजलेल्या रस्त्यावरून दहा मिनिटं चालवा, कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा उभा पट्टा आणि पँटच्या उजव्या पायाला वंगण. जा आता मीटिंगला. मडगार्ड मागितलं की सीटच्या दांड्याला अडकवायची प्लॅस्टिकची शेपटी हातात देतात. पहिल्या खड्ड्याला ती बाजूला वळते, पाणी मात्र इमानेइतबारे पाठीवरच. नीट, लांब मडगार्ड बसवा म्हटलं तर फ्रेमला त्याची भोकंच नाहीत! "झिपटायने, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीने, बांधून देऊ का?" नवीकोरी सायकल आणि झिपटाय!

आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीला हे सगळं कारखान्यातूनच यायचं. पूर्ण मडगार्ड, चेनकव्हर, माणूस बसेल असं कॅरियर, भक्कम स्टँड. ती जड होती, चढाला जीव काढायची, कबूल. पण तिलाच ७ गिअर लावून थोडी हलकी करा, एवढीच मागणी आहे ना? पण तसल्या सायकली बनवणाऱ्या ॲटलस कंपनीने २०२० मध्ये दिल्लीजवळच्या साहिबाबादचा कारखाना बंद केला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. वा रे मुहूर्त.

हायब्रिड, म्हणजे रेसिंग सायकल आणि एमटीबी यांच्या मधली, विचारली तर तीही उघडीबोडकीच, आणि वर माझ्या उंचीची नाही. "सीट वर करू की, सर." अहो, सीट वर होईल, फ्रेम वाढणार आहे का?

शेवटी बिल झालं. मडगार्ड वेगळं, कॅरियर वेगळं, स्टँड वेगळा, घंटीसुद्धा वेगळी. फुकट काय दिलं? पाण्याच्या बाटलीचा पिंजरा.