आमचा रकाना वेगळा काढा

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं की वेगळ्या विदर्भाचा विषय निघतो, आणि विषय निघाला की खानदेशातल्या अमळनेर तालुक्यातून जिभाऊंचा फोन येतो. जिभाऊ माझे थोरले काका. वय ऐंशीच्या पुढे, पेपर अजून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. त्यांचा प्रश्न दर वर्षी तोच असतो : "विदर्भ गया ते गया, पन आपलं काय? आपले कोन इचारस?"

मी चौदा वर्षं जर्मनीत कार्ल्सरुहेला राहतो. इतकी वर्षं मी त्यांना गुळमुळीत उत्तर देत आलो. यंदा दिलं नाही. कारण आता मला वाटतं की राज्य एक असावं की दोन, या वादातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न जिभाऊच विचारतायत, आणि तो ना मुंबईत कुणी विचारतं ना नागपुरात.

घरापासून पंधरा मिनिटांवर आम्ही भाजीपाल्याचा एक छोटा वाफा भाड्यानं घेतलाय. शेजारच्या वाफ्यातल्या आजोबांनी लाकडी खोपटावर पिवळा-लाल-पिवळा झेंडा लावलाय. पहिल्या वर्षी मला तो फुटबॉल क्लबचा वाटला. तो निघाला बाडेनचा, म्हणजे आज अस्तित्वात नसलेल्या राज्याचा. कार्ल्सरुहे त्याची राजधानी होती. महायुद्धानंतर हा भाग तीन छोट्या राज्यांत विभागला गेला आणि १९५२ मध्ये ती तिन्ही मिळून बाडेन-व्युर्टेंबर्ग झालं. राजधानी स्टुटगार्टला गेली. मुंबईशी १९६८ पासून भगिनी-शहराचं नातं असलेलं तेच स्टुटगार्ट.

आजोबांनी वाटाण्याला काठ्या लावता लावता ती गोष्ट सांगितली. ९ डिसेंबर १९५१ ला जनमत घेतलं गेलं. जुन्या बाडेनची सगळी मतं एकत्र मोजली तर ५२ टक्के लोकांना आपलं राज्य परत हवं होतं. पण मोजणी बाडेनचे दोन आणि व्युर्टेंबर्गचे दोन अशा चार विभागांत झाली आणि चारपैकी तीन विभाग एकत्र राज्याच्या बाजूनं गेले, तर ते करायचं असा नियम होता. उत्तर बाडेननं होकार दिला, दक्षिण बाडेननं ६२ टक्क्यांनी नकार दिला. तरी तीन विरुद्ध एक. त्यांचे वडील मरेपर्यंत म्हणायचे, आम्ही मतांत हरलो नाही, ढीग पाडण्यात हरलो.

पुढे संविधान न्यायालयानं १९५६ मध्ये म्हटलं की बाडेनच्या लोकांना पुन्हा विचारलं पाहिजे. ते न्यायालयही कार्ल्सरुहेलाच आहे. विचारायला सरकारनं चौदा वर्षं लावली. ७ जून १९७० ला या वेळी फक्त बाडेननं मत दिलं आणि जवळपास ८२ टक्के लोकांनी एकत्रच राहू म्हणून सांगितलं. आजोबांनीही तेच मत दिलं. मग झेंडा कशाला, असं मी विचारलं. त्यांनी काठीला सुतळी बांधली आणि म्हणाले, "झेंडा माझ्या बापाचा आहे. मत माझं होतं. या वेळी आम्हाला वेगळं मोजलं." आज इथलं नाट्यगृह, वस्तुसंग्रहालय आणि ग्रंथालय बाडेनच्या नावानंच चालतं, आणि राज्याच्या चार विभागांपैकी एकाचं मुख्यालय याच गावात आहे.

ढीग कसे पाडले, हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. आपल्याकडचे ढीग बघा. संविधानाच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये तीन विकास मंडळं झाली : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. खानदेश, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार, या तिसऱ्यात. मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर, सांगलीही त्याच तिसऱ्यात. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात सगळ्यात वर मुंबई, तिच्याखाली पुणे, आणि सगळ्यात तळाला नंदुरबार. राज्यातला पहिला आणि शेवटचा, दोघेही 'उर्वरित'. या दोघांची सरासरी काढली की धडगाव-अक्कलकुव्याची उपाशी पोरं हिशेबात दिसेनाशी होतात. मला हे वाचून राग येतो, आणि तो परदेशात राहून कमी झालेला नाही.

दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, मोजला तो जिल्हावार. ३,१८६ कोटींचा आकडा तिथूनच आला. पुढे राज्यपालांच्या निर्देशांनुसार निधी वाटायची वेळ आली तेव्हा भाषा तीन विभागांची झाली. विदर्भानं भांडून आपला रकाना मिळवला, मराठवाड्यानं मिळवला. त्यात त्यांची चूक काहीच नाही. १९५३ च्या नागपूर करारात दिलेला न्याय्य वाट्याचा शब्द पाळला गेला नाही ही त्यांची तक्रार खरी आहे, आणि राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये वेगळा विदर्भ सुचवला होता हेही खरं. पण आम्हाला रकानाच नाही. ३० एप्रिल २०२० ला या मंडळांची मुदत संपली तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात ओरड झाली. आमच्याकडे बहुतेकांना असं काही मंडळ होतं हेही ठाऊक नव्हतं.

खानदेश कसा वाटला गेलाय ते मी वडिलांच्या पिशवीतून शिकलो. आमची थोडी जमीन एका प्रकल्पात गेली आणि मोबदल्याचा खटला वर्षानुवर्षं चालला. रेग्झिनची तपकिरी पिशवी, एका कप्प्यात सातबारा, मोजणीच्या नकाशाची झिजलेली प्रत आणि वकिलाच्या चिठ्ठ्या, दुसऱ्या कप्प्यात फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. आयुक्तालयातलं काम असलं की पिशवी नाशिकला जायची. तारीख पडली की रात्रीच्या एसटीनं चाळीसगाव, कन्नडचा घाट चढून औरंगाबादला, कारण आमचे तिन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाखाली येतात. मंत्र्याला भेटायचं तर मुंबई. रेल्वेचंही तेच : भुसावळ मध्य रेल्वेचं, नंदुरबार पश्चिम रेल्वेचं. तापीचं पाणी उकाईत साठतं, धरण गुजरातचं. १९६० साली राज्य झालं तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावं तिकडे गेली. मंगलकलश आला त्याच दिवशी आमची काही माणसं दुसऱ्या राज्यात गेली.

या मातीतून देशाला प्रतिभा पाटील राष्ट्रपती मिळाल्या. मुख्यमंत्री आजवर एकही नाही. विदर्भाचे चार झाले, मराठवाड्याचेही चार.

म्हणून कुणी 'दोन राज्यं करा' म्हटलं की मी आधी नकाशा मागतो. रेघ मलकापूर आणि मुक्ताईनगरच्या मधून जाणार. तिकडे नागपूर राजधानी होईल, इकडे जे उरेल त्यात आम्ही पुन्हा उर्वरितच, फक्त आता उर्वरिताची सरासरी आणखी चढलेली. आणि हे ठरवताना आम्हाला विचारायची कायद्यानं गरजही नाही. संविधानाच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे विधेयक विधानसभेकडे जातं ते फक्त मत कळवायला. आंध्रच्या विधानसभेनं जानेवारी २०१४ मध्ये नकार दिला, २ जूनला तेलंगणा झालाच. स्वित्झर्लंडमध्ये बर्नपासून जुरा प्रांत वेगळा होताना आधी सगळ्या भागाचं मत घेतलं, मग जिल्ह्यांचं, मग सीमेवरच्या गावांचं. मुतिए हे गाव १९७५ मध्ये बर्नकडे राहिलं, २०२१ मध्ये त्यानं जुराच्या बाजूनं कौल दिला आणि १ जानेवारी २०२६ पासून ते जुरात आहे. एका गावासाठी पन्नास वर्षं थांबणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. आपल्याकडे हे अशक्य आहे असं मला अजिबात वाटत नाही.

वेगळं राज्य म्हणजे विकास, असंही मी मानत नाही. नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. कलेक्टर कचेरी आली, पाट्या बदलल्या. चौदा वर्षांनी अहवालात तो तळालाच होता.

खानदेश तरी कुठे एक आहे? जळगावकडे लेवा गणबोली, धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्यात भिली आणि पावरी. तोरणमाळच्या माणसाला जळगाव मुंबईइतकंच परकं वाटू शकतं. उद्या आमचा रकाना वेगळा निघाला आणि त्यातला पैसा केळीच्या पट्ट्यातच मुरला, तर सातपुड्यानंही हाच प्रश्न आम्हाला विचारावा आणि आम्ही त्याचं उत्तर द्यावं.

माझ्याकडे आज दोन्हीकडचं मत नाही. इथं नागरिक नसल्यामुळे राज्याच्या निवडणुकीत मतदान करता येत नाही, आणि गावी करायचं तर स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. जिभाऊ प्रत्येक वेळी बोटाची शाई फोटो काढून पाठवतात.

जळगावचे अकरा, धुळ्याचे पाच, नंदुरबारचे चार, असे तीन जिल्ह्यांचे वीस आमदार आहेत, पक्ष कुठलेही असोत. माझी मागणी त्यांच्याकडे आहे. राज्याचे तुकडे होवोत न होवोत, अर्थसंकल्पात आणि अनुशेषाच्या प्रत्येक तक्त्यात खानदेश 'उर्वरित'मधून बाहेर काढा आणि त्यातही तिन्ही जिल्हे वेगवेगळे दाखवा. विदर्भाचा ठराव कधी आलाच तर तिथल्या लोकांचं मत जरूर घ्या, पण त्याच दिवशी आमचंही घ्या, आणि मोजताना आमचा ढीग वेगळा ठेवा.

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा जिभाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, हे कागदावर लिहून दे, मी गावातल्या सह्या घेतो, खालच्या आळीपासून सुरुवात करतो. रविवारी लिहून पाठवतोय. मोठ्या अक्षरात, त्यांना चष्म्यानंही आता बारीक दिसत नाही.