९१७ माझीही लाडकी आहे, पण हा फॉरवर्ड खोटा आहे

शनिवारी रात्री भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला, "मावशी, तुझ्या आवडत्या गाडीवर आहे, वाच." हाच मेसेज त्याआधी दोन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी सोडून दिला होता, कोण वाद घालत बसणार. पण भाचा सतरा वर्षांचा आहे, कार्टिंग करतो, आणि त्याने खाली अजून एक ओळ टाकली होती, "बघ, खरे ड्रायव्हर नेक ब्रेस (मानेला आधार देणारी कॉलर) वगैरे काही घालायचे नाहीत, मी पण आता बंद करणार." मग मात्र माझं डोकं फिरलं. त्याला जुन्या एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेसच्या, गाड्यांचं वेड मीच लावलंय, लहानपणी मांडीवर बसवून पोर्शेच्या ९१७ या रेसगाडीचे फोटो दाखवलेत, त्यामुळे हे निस्तरायचं पण मीच.

फॉरवर्डमध्ये काय म्हटलंय ते थोडक्यात सांगते. वर निळ्या-केशरी पोर्शे ९१७ चा फोटो, खाली "१९७१ ची ल माँ विजेती" (ल माँ म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची रेस). मग मुद्दे. तेव्हाचे ड्रायव्हर मर्द होते, बेल्टची पर्वा करत नव्हते, सेफ्टीने रेसिंगचा जीव घेतला. तेव्हाच्या गाड्या चोवीस तास ४०० च्या स्पीडने पळायच्या, आजच्या त्यांच्या जवळपासही नाहीत. एक माणूस एकटा २३ तास गाडी चालवायचा. इलेक्ट्रॉनिक्स नाही, पेट्रोल वाचवणं नाही, नुसता ॲक्सिलरेटर दाबायचा. माझ्दाची रोटरी (पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेल्या इंजिनाची गाडी) जिंकली म्हणून जळून तिच्यावर बंदी आणली. आणि ग्रुप सी (१९८० च्या दशकातला एन्ड्युरन्स गाड्यांचा गट) गेल्यावर सगळं संपलं.

आधी फोटो. गल्फ या तेल कंपनीच्या निळ्या-केशरी रंगातली ९१७ ल माँ कधीही जिंकलेली नाही. कधीही. १९७० ला जिंकली ती लाल-पांढरी २३ नंबरची, हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवुड यांची, १९७१ ला जिंकली ती मार्टिनीच्या रंगातली, हेल्मुट मार्को आणि खाइस फान लेनेप यांची. बाकीच्या रेस गल्फवाल्यांनी भरपूर जिंकल्या, पण ल माँ नाही. ज्याला फोटो पण नीट निवडता आला नाही तो इतिहास शिकवायला निघालाय.

आता बेल्टचा मुद्दा, कारण सगळ्यात घातक तोच आहे आणि नेमका तोच भाच्याच्या डोक्यात बसला.

१९६९ ची ल माँ घ्या. तेव्हा स्टार्ट कसा व्हायचा, तर गाड्या एका बाजूला तिरक्या लावलेल्या, ड्रायव्हर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभे, झेंडा पडला की पळत जाऊन गाडीत उडी मारायची आणि सुटायचं. यात बेल्ट लावायला वेळ कुठे? बरेच जण तसेच निघायचे आणि पुढे सरळ रस्त्यावर गाडी चालवता चालवता बेल्ट अडकवायचा प्रयत्न करायचे, म्हणजे एवढ्या स्पीडला गुडघ्याने स्टिअरिंग धरून. त्या वर्षी जॅकी इक्स, वय वर्षं २४, सगळे पळत असताना मुद्दाम चालत गेला. गाडीत बसला, बेल्ट नीट लावला आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला. निषेध म्हणून. त्याच पहिल्या लॅपला मेझाँ ब्लाँश या वळणाजवळ जॉन वुल्फची गाडी उलटली, बेल्ट लावलेला नव्हता, तो बाहेर फेकला गेला आणि गेला. त्याची गाडी कोणती होती माहितीये? ९१७. फॉरवर्डच्या फोटोतलीच. आणि रेस कोणी जिंकली, तर शेवटी निघालेल्या इक्सनेच, जॅकी ऑलिव्हरच्या जोडीने फोर्ड जीटी ४० मधून, चोवीस तासांनंतर हेरमानच्या पोर्शे ९०८ च्या फक्त १२० मीटरच्या आसपास पुढे. बेल्ट लावण्यात गेलेले ते सेकंद त्याला महागात पडले नाहीत. पुढच्या वर्षीपासून पळत जाऊन सुटायचा प्रकार बंद झाला, १९७० ला ड्रायव्हर बेल्ट लावून गाडीत बसलेले आणि मगच झेंडा.

हे एकच उदाहरण पुरे आहे खरं तर. त्या काळातला सगळ्यात मोठा एन्ड्युरन्स ड्रायव्हर, ल माँ सहा वेळा जिंकलेला माणूस, तोच सेफ्टीसाठी सगळ्यांसमोर उभा राहिला होता. सेफ्टी बाहेरच्या कुठल्या भित्र्या लोकांनी आणली नाही, गाडीत बसणाऱ्यांनीच भांडून आणली.

आणि "मर्द" ९१७ ला घाबरायचे नाहीत म्हणे. १९६९ ची ९१७ सरळ रस्त्यावर इतकी भरकटायची की पोर्शेचे स्वतःचे ड्रायव्हर तिच्यात बसायला तयार नव्हते, नुर्बुर्गरिंगच्या रेसला फ्रँक गार्डनर आणि डेव्हिड पायपर यांना बोलवून ती चालवून घ्यावी लागली. दुरुस्ती कशी झाली तो किस्सा मला फार आवडतो. त्याच वर्षी ऑस्ट्रियात झेल्टवेगला टेस्टिंग चालू होतं, आणि गल्फ टीमचा इंजिनिअर जॉन हॉर्समन याच्या लक्षात आलं की गाडीच्या पुढच्या भागावर मेलेले किडे चिकटलेत पण मागच्या शेपटीवर एकही नाही, म्हणजे हवा तिथे टेकतच नाहीये. मग तिथल्या तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे कापून मागचा भाग आखूड आणि वर उचललेला केला, आणि गाडी एकदम सरळ चालायला लागली. आपण आज जिच्यावर जीव टाकतो ती ९१७ के ही अशी, ड्रायव्हरांनी तक्रार केली आणि कोणीतरी ऐकली म्हणून जन्माला आली.

त्या निळ्या-केशरी गाड्यांचे दोन मोठे हिरो, पेद्रो रॉड्रिगेझ आणि यो सिफर्ट. दोघेही १९७१ लाच गेले, तीन-साडेतीन महिन्यांच्या अंतराने. रॉड्रिगेझ जुलैमध्ये नोरिसरिंगला फेरारी ५१२ मध्ये, सिफर्ट ऑक्टोबरमध्ये ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला वनच्या गाडीत, आग लागली आणि ती वेळेत विझवता आली नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनी ही दोन नावं शोधून बघावीत आणि मग "सेफ्टीने रेसिंग मारलं" हे वाक्य परत टाइप करावं.

ग्रुप सीचंही तेच. पोर्शे ९५६ मध्ये ड्रायव्हरचे पाय पुढच्या एक्सलच्याही पुढे यायचे. समोरून धडक बसली की पहिले पायच. अमेरिकेत इम्सा या रेसिंग संघटनेने याच कारणावरून गाडी घेतली नाही, म्हणून पोर्शेने व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) वाढवून पेडल एक्सलच्या मागे घेतले आणि ९६२ बनवली. म्हणजे ज्या ९६२ ची पोस्टर लोक भिंतीवर लावतात ती गाडी सेफ्टीच्या नियमातून आलीये! तरीही १९८५ च्या ऑगस्टमध्ये मोस्पोर्टला मानफ्रेड विंकेलहॉक गेला, सप्टेंबरमध्ये स्पाला स्टेफान बेलोफ, आणि १९८६ च्या ल माँला रात्री यो गार्टनर. वर्षभरात तीन, सगळे ९५६ नाहीतर ९६२ मध्ये. नंतर खासगी टीम्सनी आपापल्या गाड्यांसाठी जास्त मजबूत टब (ड्रायव्हर बसतो तो गाडीचा मुख्य सांगाडा) बनवून घेतले, ते काय हौस म्हणून?

याच्यासमोर २०११ ठेवा. ल माँला एकाच रेसमध्ये ऑडीचे दोन भयंकर अपघात, दुपारी ॲलन मॅकनिश, रात्री माइक रॉकनफेलर. दोन्ही गाड्यांचा अक्षरशः चुरा झाला आणि दोघेही जिवंत बाहेर आले. सगळं सुटलेलं नाही, २०१३ ला ॲलन सायमनसन गेलाच. पण म्हणून उलटं फिरायचं?

४०० चा स्पीड. १९८८ ला रोजे दोर्शीने प्युजोचं इंजिन असलेल्या डब्ल्यूएम गाडीत ल माँच्या मुल्सान या सरळ रस्त्यावर ४०५ गाठला हे खरं आहे. पण ती गाडी रेस पूर्ण करू शकली नाही. चोवीस तास ४०० ने पळणारी गाडी तेव्हाही नव्हती आणि आजही नाही, चोवीस तासांची सरासरी आणि एका क्षणाचा टॉप स्पीड यातला फरक शाळेतल्या पोरालाही कळतो. तो सहा किलोमीटरचा सरळ पट्टा १९९० ला दोन शिकेन (स्पीड कमी करायला लावणारी वळणं) टाकून तोडला, कारण जागतिक मोटर रेसिंग संघटना एफआयएने २ किलोमीटरपेक्षा लांब सरळ पट्टा चालणार नाही असं ठरवलं. मला पण तो जुना पट्टा बघायला आवडायचा, पण गार्टनर तिथेच गेला, त्याआधी १९८१ ला झाँ-लुई लाफोसही तिथेच.

आणि "आजच्या गाड्या जवळपासही नाहीत" म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. १९८५, हान्स-योआखिम श्टुक, ९६२, क्वालिफाइंगमध्ये ३ मिनिटं १४.८० सेकंद, मुल्सानच्या सरळ पट्ट्यावर एकही शिकेन नाही. २०१७, कामुइ कोबायाशी, टोयोटा टीएस०५०, ३ मिनिटं १४.७९१, दोन शिकेनसकट. दोनदा जवळजवळ पूर्ण ब्रेक मारूनही पुढे. अंतराचा विक्रम पण तसाच, १९७१ चा ९१७ चा ५३३५ किलोमीटरचा विक्रम ३९ वर्षं टिकला आणि २०१० ला ऑडीच्या डिझेल गाडीने ५४१० करून मोडला. बरं, एक मान्य करावं लागेल. आत्ताच्या सगळ्यात वरच्या गटातल्या गाड्या, म्हणजे हायपरकार, टोयोटाच्या त्या लॅपपेक्षा हळू आहेत, २०२३ ची पोल (क्वालिफाइंगमधली सगळ्यात वेगवान लॅप) ३ मिनिटं २२.९८२ ची होती. पण ते नियमाने बांधलेलं आहे, पॉवरला वरची मर्यादा आहे जेणेकरून खर्च आवाक्यात राहील आणि जास्त कंपन्या येतील. इंजिनिअरांना जमत नाही म्हणून नाही.

एकट्याने २३ तास, हे पण खरं आहे, १९५२, पिएर लेव्हेग, टाल्बो. पुढचं मात्र फॉरवर्डमध्ये कापलंय. तो कितीतरी लॅप पुढे असताना शेवटी शेवटी इंजिन गेलं आणि मर्सिडीज जिंकली, साथीदाराला गाडी न देता त्याने सगळं घालवलं. ते लोकांनी डोक्यावर घ्यावं असं त्यात काय आहे मला समजत नाही.

"पेट्रोल वाचवणं नाही" हे वाचून तर मी मोबाईल बाजूला ठेवला. अहो, ग्रुप सी हा नियमच पेट्रोलचा होता! १९८२ ला सुरू झाला तेव्हा टाकी १०० लीटर, आणि १००० किलोमीटरच्या रेसला एकूण ६०० लीटर, बस. १९८५ पासून तेही ५१०. इंजिन कितीही मोठं लावा, टर्बो लावा, पण एवढ्यातच पोचायचं. ड्रायव्हर कॉकपिटमधून टर्बोचा बूस्ट कमी करायचे, वळणाच्या खूप आधी पाय उचलायचे, आणि तरी शेवटच्या लॅपला टाक्या कोरड्या पडून गाड्या थांबायच्या. इलेक्ट्रॉनिक्स म्हणाल तर पोर्शेने बॉशची मोट्रॉनिक (इंजिन नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) याच गाड्यांत घासून घासून पक्की केली, आणि पीडीके (दोन क्लचचा) गिअरबॉक्स पण, जो १९८६ ला माँझाला ९६२ मध्ये जिंकला. आजच्या गाडीतलं जे काही बघून हे लोक नाक मुरडतात त्यातलं बरंचसं त्यांच्याच लाडक्या गाडीत जन्मलंय.

माझ्दा. ७८७बी, ५५ नंबर, १९९१, जॉनी हर्बर्ट (फॉरवर्डमध्ये चुकून योहान्स लिहिलंय), फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गाशो. चार रोटरचं २.६ लीटर इंजिन, ३६२ लॅप. या गाडीवर माझंही प्रेम आहे, तो आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. पण बंदी जिंकल्यामुळे आली नाही. ३.५ लीटरच्या पिस्टन इंजिनाचा नियम त्या रेसच्या कितीतरी आधी ठरला होता, जुन्या प्रकारच्या गाड्यांना १९९१ ला अजून चालवू दिलं. उलट नियमाने माझ्दाला मदतच केली, जॅग्वार, मर्सिडीज यांच्या जुन्या गाड्यांना १००० किलोचं ओझं आणि माझ्दाला ८३० किलो, जे त्यांच्या टीमने पाठपुरावा करून मिळवलं होतं. पुढे असलेली मर्सिडीज शेवटच्या तीन-एक तासांत बंद पडली हेही आहेच. यात माझ्दाचं काही कमी होत नाही, त्यांनी नियम नीट वाचला, गाडी चोवीस तास न मोडता चालवली. आणि रोटरी ल माँला परत आली पण, १९९५ ला तीन रोटरची कुडझू नावाची गाडी सातवी आली होती. कायमची बंदी असती तर आली असती का?

"ग्रुप सी नंतर सगळं संपलं" यावर जास्त लिहित नाही. १९८३ ला पहिल्या दहापैकी नऊ पोर्शे होत्या, १९७० ला ५१ गाड्या सुटल्या आणि फक्त ७ निकालात आल्या. २०२४ ला चोवीस तासांनंतर नऊ गाड्या एकाच लॅपवर होत्या आणि पहिल्या दोघांत १४ सेकंदांचं अंतर. मला तरी बघायला दोन्ही आवडतं. फक्त एक कबूल करते, आवाज. ९१७ चं बारा सिलेंडर किंवा माझ्दाचा तो किंचाळणारा रोटर, तसं आता काही नाही, ऑडीच्या डिझेल गाड्या तर समोरून गेल्या तरी कळायचं नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

भाच्याला मी १९६९ च्या स्टार्टचा व्हिडिओ पाठवला. बघितला म्हणाला, इक्स कुठल्या गाडीकडे चालला होता तेही त्याने बरोबर ओळखलं. नेक ब्रेसबद्दल अजून काही बोललेला नाही, म्हणून ताईला सांगून ठेवलंय, घातल्याशिवाय कार्टमध्ये बसू देऊ नकोस.