डोंगरावर महापुरुष कोरायचे आहेत?

चौकात पुतळे झाले, उड्डाणपुलांना नावं देऊन झाली आणि तरीही तुमची नेतेभक्ती उतू जातेय? मग डोंगराला हात घाला. फक्त आधी अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या, चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या माउंट रशमोअर या डोंगराचा अभ्यास करा.

दगडाआधी सातबारा पाहा. दुसऱ्याच्या नावावर असेल तर उत्तम. ब्लॅक हिल्सचा हा मुलूख 1868च्या फोर्ट लॅरमी कराराने अमेरिकी सरकारनेच लकोटा आणि इतर सू या मूळनिवासी लोकांना कायमचा लिहून दिला होता. कायमचा म्हणजे 1874 मध्ये अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टर यांच्या तुकडीला तिथे सोनं दिसेपर्यंत. 1877 मध्ये रीतसर कायदा करून तो काढून घेतला. रीतसर हे महत्त्वाचं.

मग बारसं. लकोटा या डोंगराला 'सहा आजोबा' म्हणत. 1885 मध्ये खाणीचे कागद तपासायला आलेले न्यूयॉर्कचे वकील चार्ल्स रशमोअर यांनी डोंगराचं नाव विचारलं, तर सोबतच्यांनी त्यांचंच देऊन टाकलं. पुढे वकीलसाहेबांनी शिल्पाला 5,000 डॉलर दिले. देवळाच्या पायरीवर नाव घालायलासुद्धा आपल्याकडे आधी पावती फाडावी लागते. इथे अख्खा डोंगर उधारीवर!

देशभक्ती नंतर आली तरी चालते. 1923 मध्ये राज्याचे इतिहासकार डोन रॉबिन्सन यांना पर्यटक हवे होते. त्यांच्या मनातल्या वीरांमध्ये रेड क्लाउड हा लकोटा सरदारही होता. शिल्पकार गट्झन बोर्गलम यांनी हा भाबडेपणा खोडून वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन हे चार राष्ट्राध्यक्ष ठरवले. शिल्पकारही असाच निःपक्ष शोधा. बोर्गलम यांची आधी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या मंडळींत ऊठबस होती आणि जॉर्जियात ते गुलामगिरीवाल्या दक्षिणेचे सेनानी कोरत होते. तिथे भांडण झालं, मग इकडे येऊन गुलामांना मुक्त करणारा लिंकन कोरला. हात तोच, छिन्नी तीच.

अर्थात छिन्नी नावाला. 1927 ते 1941 या काळात सुमारे 90 टक्के दगड सुरुंगाने उडवला. जेफरसन आधी वॉशिंग्टनच्या दुसऱ्या बाजूला होते. दगड कच्चा निघाला, म्हणून 1934 मध्ये त्यांचा अर्धवट चेहरा उडवून त्यांना वॉशिंग्टनच्या विरुद्ध बाजूला पुन्हा कोरलं. पुढाऱ्याला बाजू बदलणं जड जात नाही. आराखडा कंबरेपर्यंतचा होता. बोर्गलम वारले, पैसा आटला, काम गळ्याशी थांबलं. तेवढ्यालाच 'पूर्ण' म्हणावं.

पुढे कोर्टकचेरी होईल, घाबरू नका. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सू लोकांना 10 कोटींहून जास्त डॉलर भरपाई मान्य केली. त्यांनी ती उचललीच नाही. व्याजासकट रक्कम 1 अब्जाच्या वर गेली, तरी त्यांचं एकच: पैसे नकोत, डोंगर द्या. इतक्या अव्यवहारी माणसांशी वाद कशाला घालायचा? तुम्ही आपला प्रवेश मोफत ठेवा आणि पार्किंगचे 10 डॉलर घ्या. रशमोअरला तसंच करतात.