‘तेलकट-तिखट बंद’, एवढंच?

जळगाव असो की धुळं, लिव्हरच्या पेशंटच्या फाइलवर आहाराची ओळ ठरलेली. तेलकट बंद, तिखट बंद, डाळ-अंडी बंद. अरे, मग माणसानं खायचं काय? आमच्या नानांच्या दंडाचं मांस झडलं, खुर्चीतून उठायलाही आधार लागतो. सिरॉसिसमध्ये (यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजारात) वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, मेंदूवर परिणाम झाला तरी ती तोडायची नसतात. युरोपच्या यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत हे कधीचं छापलेलं आहे! आजारी यकृतात साखरेचा साठा टिकत नाही, म्हणून रात्रभराच्या उपाशीपणातही शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. झोपण्याआधी थोडं खा, एवढं एक वाक्य. तेही कुणी सांगत नाही.

पोटाच्या डॉक्टरचं शिक्षण बघा: एमबीबीएसनंतर ३ वर्षं एमडी, वर ३ वर्षं डीएम (पोट-लिव्हरच्या आजारांची वरची पदवी). एंडोस्कोपी (नळी घालून पोट आतून बघणं) हातात बसेपर्यंत शिकवतात (शिकवायलाच हवी), पण आहार म्हणजे दुसऱ्याचं काम! कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, त्यातून प्रथिनं मिळतात, हे खान्देशात पोटाचा दवाखाना चालवणाऱ्याला माहीत नको? आणि आहारतज्ज्ञाकडे जा म्हणता, तर तो तालुक्याच्या गावात शोधायचा कुठे?