घोडी उपाशी ठेवून चरबी उतरत नाही

वरातीच्या घोड्या पाळणाऱ्या आमच्या भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पावसाळ्यात घोडी फुगली की तीन दिवस चारा बंद करा, चौथ्या दिवशी गूळ-हरभऱ्याचा तोबरा देऊन पळवा, तुळशीच्या लग्नापर्यंत अंग उतरतं. मानेवरची चरबी मात्र ताकदीची खूण. काहींनी हे सुरूही केलंय, म्हणून लिहितो.

आधी उपाशी ठेवण्याचं बोलू, कारण त्यानं जनावर जीवानिशी जातं. जाड घोडी, त्यातही टट्टू आणि गाभण घोडी, एकाएकी उपाशी राहिली की अंगातली चरबी लोंढ्यानं रक्तात उतरते आणि यकृताला ती झेपत नाही. घोडी मान टाकते, मग पुढ्यात चारा ठेवला तरी तोंड लावत नाही. शिवाय घोड्याच्या पोटात आम्ल दिवसरात्र सुटत असतं, रिकाम्या पोटी अल्सर होतात.

गूळ म्हणजे जवळपास निव्वळ साखर. फुगलेल्या घोडीचं इन्सुलिन बरेचदा आधीच चढलेलं असतं, गुळानं ते आणखी चढतं आणि खुरावर उतरतं. २००७ साली निरोगी टट्टूंच्या रक्तात इन्सुलिन मुद्दाम चढतं ठेवून पाहिलं, तर त्यांना लॅमिनायटिस झाला. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात, सुटू लागतात. गेल्या पोळ्याला आमची घोडी पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभी राहायची, वळताना कचरायची. मी आळस समजून तिला दोन दिवस फिरवलं. डॉक्टरांनी माझी बोटं खुराच्या वर, मागच्या बाजूला धरली. एरवी जेमतेम लागणारी नाडी ठणठण उडत होती. त्या आजारात खुरावर उमटलेली आडवी वळी अजून पुरती खाली सरकलेली नाहीत. अशा पायांवर घोडी पळवायला सांगतोय हा मेसेज.

आयाळीखालचा कडक गड्डाही ताकदीचा नसतो. इन्सुलिन बिघडल्याची ती खूण असू शकते.

अंग उतरवायचं तर मोजून. छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०, मापं सेंटिमीटरमध्ये. घेर १४०, लांबी १३० असेल तर वजन साधारण २१५ किलो. तिला रोज साडेतीन किलोच्या आसपास वाळलेलं गवत, चार-पाच वेळा विभागून. तासभर भिजवून पाणी फेकून दिलं तर साखरही कमी होते. हरभरा, ढेप बंद. घोड्याला चालणारं खनिज मिश्रण चालू. बांधावर सोडायची तर पहाटे, आणि डवरणीत बैलाला घालतो तसं मुसकं घालून, फक्त खाली भोक ठेवा, थोडं गवत आणि पाणी तोंडात जाईल एवढं.

नाडी ठणकत असेल तर चालवूसुद्धा नका. लाकडाच्या भुशाचा जाड थर घालून तिथे बांधा आणि जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या हेल्पलाइनवर फोन करा.