लग्नसराईचे सूट आणि आमचं काउंटर

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या लॉंड्रीच्या काउंटरवर पुरुषांचे सूट यायला लागतात. बहुतेकांची हकीकत सारखीच. मे महिन्यात भावाच्या लग्नात घातला, घरी आल्यावर तसाच कपाटात अडकवला, आणि आता परवा मेव्हण्याचं रिसेप्शन म्हणून बाहेर काढला तर कॉलरवर पांढुरकी बुरशी, काखेत पिवळट डाग, वर डांबरगोळ्यांचा भपकारा. "ड्रायक्लीन करून उद्या संध्याकाळपर्यंत द्या हो, काहीही करा." करतो. धंदाच आहे आमचा. पण आज जरा धंद्याच्या विरोधात बोलतो. घालून घालून झिजलेला सूट माझ्या काउंटरवर क्वचित येतो. येतात ते दोन प्रकारचे: कपाटात कोंडून खराब झालेले, नाहीतर दर वेळी ड्रायक्लीन करून करून जीव गेलेले.

ड्रायक्लीनिंगमध्ये नेमकं काय होतं हे विचारणारे गिऱ्हाईक फार कमी. मशीन साधारण तुमच्या वॉशिंग मशीनसारखंच फिरतं, फक्त पाण्याच्या जागी द्रावक असतं आणि कपडा त्यात चांगला भिजतो. मोठ्या मशीनमध्ये बहुधा पर्क, म्हणजे परक्लोरोएथिलीन. बऱ्याच लहान दुकानांत मिनरल टर्पेंटाइन वापरतात, त्याला आम्ही लोक सरळ पेट्रोल वॉश म्हणतो. दोन्ही तेल-तूप उत्तम काढतात, पण त्याबरोबर लोकरीचा अंगचा मऊपणाही थोडा थोडा जातो. शिवाय द्रावक दर वेळी नवं नसतं. ते गाळून, ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरायचं असतं. जिथे हे नीट करत नाहीत तिथून आलेला फिकट रंगाचा सूट मळकट दिसतो आणि त्याला रॉकेलसारखा वास येतो. नीट ड्रायक्लीन झालेल्या कपड्याला कसलाच वास नसतो. वास येत असेल तर सूट परत द्या आणि दुकानही बदला, भले ते माझं का असेना.

पर्कबद्दल आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते 'बहुधा कर्करोगकारक' या गटात, म्हणजे 2ए मध्ये ठेवलं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने डिसेंबर 2024 मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम जाहीर केला. वर्षातून एकदा सूट टाकणाऱ्या माणसाने यावरून घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते मशीनपाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोराने, ज्याला आपण कोणी विचारत नाही.

आता खरी मेख. साखर, सरबत, घाम यांचे डाग पाण्यात विरघळणारे असतात, द्रावकात नाहीत. म्हणजे रिसेप्शनला कोटावर सांडलेलं कोल्ड्रिंक वाळून दिसेनासं होतं, तुम्ही आम्हाला सांगत नाही, आम्ही मशीनला टाकतो, मग गरम प्रेस फिरते, आणि त्या जागी चॉकलेटी डाग उमटतो. साखर भाजली गेली की तपकिरी होणारच. मग गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्हीच डाग पाडला." अहो, डाग तुमच्या घरूनच आला होता, आम्ही फक्त त्याला उजेडात आणलं! म्हणून काउंटरवर सूट देताना एवढं एक करा: कुठे काय सांडलं ते बोट ठेवून दाखवा. सरबत होतं की रस्सा, ते सांगा. आत हाताने डाग काढणारा माणूस बसलेला असतो, त्याला एवढी माहिती पुरते.

आपल्या लग्नांचे डागही खास आपलेच. खांद्यावर तांबडे ठिपके दिसले की ओळखावं, ओल्या कुंकवात घोळलेल्या अक्षता. मंगलाष्टकं संपता संपता मागच्या रांगेतून जोरात येतात त्या. त्या फक्त झटकायच्या असतात. माणूस मात्र बोट ओलं करून घासतो आणि ठिपक्याचा ओघळ करतो. दुसरी हळद. रश्श्यातली असो की समारंभातली, तिला घाईघाईने साबण लावलात की डाग पिवळ्याचा लाल होतो. हळद आणि अल्कली एकत्र आले की हेच होणार. हळदीत चुना घालून कुंकू करतात तेही याच गुणावर. तेव्हा सूटवर रस्सा सांडला तर कोरडा टिश्यू वरून नुसता दाबून धरायचा. घासायचं नाही, लिंबू लावायचं नाही, आत्याबाईंनी दिलेली टाल्कम पावडर एक वेळ चालेल, कारण ती निदान तेल तरी शोषते.

तिसरा प्रकार अलीकडचा. नवरदेवाच्या एंट्रीला दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी उडवतात ना, त्यातली एखादी बाहीवर पडते. कापड लोकरीचं असेल तर जागा काळी पडते, चुरगाळली की राख गळून जाते. पॉलिस्टर असेल तर ते वितळून कडक कडा असलेलं भोक पडतं. याला आमच्याकडे औषध नाही. रफूवाला काही करू शकला तर लोकरीच्या कापडावर करतो.

याच गोष्टीवरून तुमचा सूट कशाचा आहे तेही कळतं. आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काडीने पेटवा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. टोकाला कडक मणी तयार झाला तर पॉलिस्टर. दोन्ही झालं तर टेरीवूल, जे बाजारात भरपूर असतं. टेरीवूलला नावं ठेवायचं काही कारण नाही, आपल्या हवेत ते बिचारं बरंच सोसतं.

मग घरी काय करायचं? सूट अंगातून उतरवला की आधी खिसे रिकामे करा. पाकीट, किल्ल्या, विड्याची पुरचुंडी, आहेराची पाकिटं, सगळं. खिशात वजन राहिलं की कोटाचा पुढचा भाग कायमचा ओघळतो. मग रुंद खांद्याच्या हँगरवर चढवून रात्रभर पंख्याखाली ठेवा. कपाटात नाही, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या उन्हातही नाही, उन्हाने गडद रंग विटतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओलावा अंगाला ओली न लागता पोटात ठेवू शकते. मे महिन्यातल्या लॉनवरच्या रिसेप्शनचा घाम त्यात गेलेलाच असतो. तो बाहेर पडायला तिला वेळ हवा. सकाळी मऊ केसांचा कपड्यांचा ब्रश घेऊन कॉलरपासून खाली, एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा. कॉलरच्या आतली बाजू, खिशांची झाकणं आणि पँटचा खालचा काठ इथे जरा जास्त वेळ द्या, धूळ तिथेच बसते. लहान सुरकुत्या असतील तर अंघोळ झाल्यावर वाफाळलेल्या बाथरूममध्ये कोट थोडा वेळ टांगा, पाण्याचा शिंतोडा लागू देऊ नका. डाग नसेल तर काम संपलं. वर्षातून चार-पाच समारंभांना घालणाऱ्याला एकदा ड्रायक्लीन पुरे, तेही पावसाळ्याआधी, कारण पुढचे चार महिने तो कपाटातच राहणार असतो.

कपाटाचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण ठाण्या-मुंबईत आणि कोकणात सूट तिथेच मरतो. आम्ही जे पातळ प्लॅस्टिकचं कव्हर देतो ते दुकान ते घर एवढ्यापुरतं असतं. घरी नेलं की फाडून टाका. लोक ते वर्षानुवर्षं तसंच ठेवतात, वर "पॅकिंगसुद्धा काढलेलं नाही बघा" म्हणून कौतुकाने दाखवतात. आत द्रावकाचा राहिलेला वास आणि जुलैचा दमटपणा कोंडतो, मग बुरशी येणारच. आईची जुनी मऊ सुती साडी घ्या, खांद्यावरून टाकता येईल अशी पिशवी शिवून घ्या. सुरत ते बंगळूर कुठल्याही दुकानात यापेक्षा चांगलं कव्हर मिळत नाही. आम्ही देतो तो तारेचा हँगरही बदला, त्याने खांद्याला टेंगूळ येतं.

कसर लागते ती कपडा लोकरीचा आहे म्हणून, हे खरं. पण खाणारी असते त्या किड्याची अळी, आणि तिला घाम, रस्सा, त्वचेचा मळ लागलेली लोकर विशेष आवडते. म्हणजे मळका सूट ठेवून शेजारी डांबरगोळ्या टाकण्यापेक्षा स्वच्छ सूट ठेवणं हा खरा उपाय. गोळ्या टाकायच्याच असतील तर कपड्याला चिकटून नको, फडक्यात बांधून वरच्या बाजूला, कारण वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली उतरते. आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्या कपाटात बाळाचे कपडे, दुपटी अजिबात ठेवू नका. काही मुलांमध्ये जी6पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते; नॅफ्थलीनच्या वाफेने अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. बाळंतिणीच्या खोलीतलं लोखंडी कपाट आणि त्यातला आजोबांचा सूट, ही जोडी आपल्याकडे घरोघरी असते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

इस्त्रीबद्दल दोनच वाक्यं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला शर्ट खुशाल द्या, पण कोट देत असाल तर त्याला सांगा की वर ओलसर सुती फडकं ठेवल्याशिवाय इस्त्री टेकवू नको, नाहीतर कोपरावर आणि पँटच्या मांडीवर चकाकी येते ती जात नाही. आणि लॅपेल, म्हणजे छातीवर बाहेर दुमडलेली कोटाची पट्टी, दाबून चपटी करू नको, तिची गोलाई हाच कोटाचा चेहरा असतो.

स्वस्त कोटांच्या छातीवर काही दिवसांनी फुगवटे येतात, बुडबुड्यांसारखे. तो आमचा दोष नसतो, पूर्णपणे तरी नसतो. आतलं अस्तर शिवलेलं नसून डिंकासारख्या रेझिनने चिकटवलेलं असतं, त्याला फ्युजिंग म्हणतात. द्रावक आणि उष्णता वारंवार लागली की ते सुटतं. एकदा सुटलं की पुन्हा नीट बसत नाही. असा कोट जितका कमी ड्रायक्लीन कराल तितका टिकेल. कोट आणि पँट मात्र नेहमी एकदमच टाका. एकटी पँट दहा वेळा टाकली की रंगाचा फरक फोटोतसुद्धा दिसतो. शिवून घेताना दोन पँटी करून घ्या, आधी विरते ती पँटच.

जाता जाता: बाहीवर बाहेरून शिवलेलं कंपनीचं लेबल आणि मागच्या चिरेवरचा फुलीचा टाका हे घालण्यापूर्वी काढायचे असतात. दर सीझनला स्टेजवर लेबलासकट नवरदेव दिसतो आणि माझे हात शिवशिवतात.

"आपल्या हवेत सूट कशाला हवा, इंग्रजांची नक्कल," असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. 14 एप्रिलच्या आधी आमच्याकडे निळे सूट येतात, भर उन्हाळ्यात. ते देणारी माणसं ज्या निगुतीने कोट हातात देतात, बटण सैल झालंय ते दाखवतात, त्यांना हा प्रश्न विचारायची माझी छाती नाही. बाबासाहेबांनी सूट घातला त्यामागे काय होतं हे महाराष्ट्रात वेगळं सांगावं लागत नाही. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत, त्यात त्यांचे कपडेही आहेत. जुन्या लोकरीला विदर्भातलं ऊन आणि पाऊस दोन्ही सोसायला लावणं किती अवघड आहे, हे या धंद्यातल्या माणसाला विचारा.

या वर्षीचे मुहूर्त सुरू व्हायच्या आत एवढं करा. सूट बाहेर काढा, दिवसभर वारा द्या, आणि आरशासमोर घालून बघा. पँट कमरेला आवळत असेल तर मागच्या शिवणीत इंच-दीड इंच माया असते, चांगल्या शिंप्याला ती उसवून सोडता येते. कोटाच्या बाजूच्या शिवणींतही थोडी असते. बाह्या लांबी-आखुडीला जमतात. खांद्यात मात्र कोणालाच काही करता येत नाही. खांदा घट्ट झाला असेल तर तो सूट धाकट्या भावाला द्या आणि शिंप्याकडे वेळेत जा. लग्नाच्या आदल्या आठवड्यात गेलात तर तो तुम्हाला काय म्हणेल ते मी इथे लिहू शकत नाही.