धारोष्ण दुधाचं कौतुक जरा आवरा

सकाळी एका ओळखीच्याने रील पाठवलं. होटगी रोडकडचा गोठा. एक पोरगा म्हशीच्या कासेखाली ग्लास धरतो, फेसाळ दूध घटाघटा पितो, मिशीवरचा फेस पुसतो आणि म्हणतो, "उकळलं की दुधाचा जीव जातो." खाली बदामांचा पाऊस आणि "आमच्या लहानपणी असंच होतं भावा". तेव्हापासून डोकं फिरलंय.

दुधाचा जीव जाऊ दे बे, तुझा राहू दे.

मामांची गोष्ट तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे, तरी परत सांगतो. मोहोळकडचं गाव, घरी पंढरपुरी म्हशी, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली. मामांना ताप यायचा. काही दिवस राहायचा, उतरायचा, वाटायचं सुटलो, की परत हजर. रात्री इतका घाम की बनियन पिळून काढावं. कंबर धरलेली, सांधे धरलेले. टायफॉईड म्हणून सलाईन झाल्या, मलेरिया म्हणून गोळ्या झाल्या, मग टीबीची शंका. फाईल जाड होत गेली आणि मामा वाळत गेले. मामी देवऋषाकडेही जाऊन आल्या, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. शिकलेल्यांनी तरी काय वेगळं केलं होतं?

एवढ्या सगळ्यांत एकानेही विचारलं नाही, घरी जनावरं आहेत का. सोलापूर जिल्ह्यात! जिथे बाकावर बसलेल्या निम्म्या पेशंटच्या धोतराला शेणाचा वास असतो, तिथे!

शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी फाईल उघडायच्या आधीच विचारलं, "मालक, यंदा म्हैस गाभडली होती का?" मामी चाटच पडल्या. "व्हय, सातव्या महिन्यात. तुमाला कुणी सांगितलं?" रक्त तपासलं. ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा जंतूचा आजार.

ह्या जंतूमुळे गाय, म्हैस, शेळी, मेंढी गाभडते, म्हणजे गाभ अकाली पडतो. पडलेलं रेडकू, वार, अंगावरचं पाणी, सगळ्यात जंतू खच्चून भरलेले असतात, आणि दुधातूनही येतात. मामांच्या म्हशीची वार अडकली होती. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून ओढून काढली, उघड्या हाताने. अंगठ्याला विळा लागून झालेली जखम, तिच्यावर नुसती चिंधी. हात धुतले हौदावर, साबण कुणाला सुचतोय अंधारात. रेडकू उकिरड्यावर टाकलं, ते रात्री कुत्र्यांनी ओढत नेलं. आणि सकाळी त्याच म्हशीचं दूध, आपल्या घरचं म्हणून, न तापवता अर्धा तांब्या. आता यातल्या नेमक्या कुठल्या वाटेने जंतू शिरला ते देवालाच ठाऊक.

आता "आमचे आजोबा कच्चंच प्यायचे, नव्वदीपर्यंत ठणठणीत होते" येणार. असतील. कच्चं पिणारा प्रत्येकजण आजारी पडत नाही, मान्य. पण आजोबांच्या कायमच्या कंबरदुखीसाठी कुणी कधी रक्त तपासलं होतं का?

आणि हे काही आज कळलेलं नाही. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरला माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांत हा जंतू सापडला. तो येतो कुठून ते कळेना. १९०५ मध्ये तिथल्याच डॉ. झॅमिट यांनी शेळ्या तपासल्या. शेळ्या दिसायला तुकतुकीत, आणि दुधात जंतू. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने उतरला. शंभर वर्षं उलटून गेली आणि आम्ही रीलवर बदाम टाकतोय. २०१८ ला केरळात निपाह आला तेव्हा आमच्या गल्लीत महिनाभर वटवाघळांवर चर्चा होती. दावणीच्या म्हशीवर कोण बोलणार? ती लक्ष्मी!

सगळ्यात जास्त राग येतो तो गप्प बसण्याचा. म्हैस गाभडली की शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही, आणि जमलं तर सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात उभी करायची. घेणारा कास बघतो, दात बघतो, शिंगं बघतो. मागच्या वेळी काय झालं ते त्याला कोण सांगणार? म्हैस नव्या गोठ्यात जाते, आणि तिच्यासोबत जंतूही.

लिहिता लिहिता जरा थंड झालोय. विकणारा तरी काय करेल? म्हैस कर्जावर घेतलेली, दुधाच्या बिलावर पोरांची फी. गाभडली म्हणून खरं सांगितलं तर किंमत निम्मी, आणि नाही विकली तर वैरण कुठून आणायची. मामांनी विकली नाही, पण त्यांच्याकडे ऊस होता. सगळ्यांकडे नसतो.

पण ह्या आजारावरची जनावरांची लस का नाकारता, हे मला खरंच समजत नाही. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला, पारडीला आयुष्यात एकदाच टोचायची. २०१९ पासून केंद्राच्या योजनेत लाळ्या-खुरकुताबरोबर ही लसही आहे, सरकारी खर्चाने. तरी "पुढे गाभण राहत नाही" म्हणून पारडी मागच्या दाराने शेजाऱ्याच्या गोठ्यात लपवतात. अरे, जिच्यामुळे गाभ टिकतो तिलाच घाबरता? (हो, सरकारी डॉक्टर वेळेवर येत नाहीत कधीकधी, तेही खरं आहे.)

डॉक्टर मित्रांनो, तुमच्यापैकी बरेचजण इथे आहात. ताप हटत नसेल तर धंदा विचारा, गोठा विचारा. अर्धा मिनिट लागतो. मामांना सहा आठवडे दोन प्रकारच्या गोळ्या होत्या, मध्ये सोडायच्या नाहीत अशी ताकीद, कारण अर्धवट सोडल्या की हा उलटतो. मामा आता फिरतात, पण खाली बसून धार काढायला अजून गुडघा ऐकत नाही.

धार आता मामी काढतात. वार पडायच्या वेळेला लागतील म्हणून हातमोजे कोनाड्यात आणून ठेवलेत, पहिल्यांदा घातले तेव्हा गल्ली हसली होती. परवा मामांचा फोन होता. लस टोचायला डॉक्टर येणार म्हणून ते गावभर पारड्या शोधत फिरत होते. दोन घरं "नको" म्हणाली. त्यातलं एक माझ्या सख्ख्या साडूचं आहे. साडू, तुम्ही ही पोस्ट वाचताय हे मला माहीत आहे, संध्याकाळी फोन उचला.